रजिस्टरातला पहिला नंबर

भानुदास सरांनी सही करायला नकार दिला तेव्हा बानूबाई शाळेच्या ओसरीला उद्याच्या आमटीसाठी लसूण सोलत बसली होती. आतून तिच्या थोरल्या लेकाचा, जोतीरामचा चढलेला आवाज आला आणि त्यामागून सरांचा, न चढलेला. हा माणूस चिडला की हळू बोलायचा, हे पंचवीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. आज तो इतका हळू बोलत होता की बानूबाईच्या बोटातली पाकळी तशीच राहिली.

"हे मी लिहिलेलं नाही, जोतीराव. माझ्या नावाखाली हे छापायचं नाही."

"आवो सर, चारच्या गाडीनं प्रूफ बारामतीला गेलं न्हाय तर उद्या स्मरणिका येती कशी? छापखानेवाला तितं मशीन अडवून बसलाय. उद्या रौप्यमहोत्सव हाय, परवा न्हाय!"

बानूबाईनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. ऑफिसच्या खोलीत सगळं घरच जमलं होतं. खुर्चीत तिचे मालक कुंडलिकआबा, डोळे मिटून, जणू हे बोलणं दुसऱ्या गावात चाललंय. शेजारी संस्थेचा सेक्रेटरी म्हणून जोतीराम. बाकावर थोरली लेक कौसल्या, सकाळीच बारामतीहून आलेली, आणि तिच्या खांद्याला टेकून जोतीरामची छकुली, जिला पाहायला मागच्या आठवड्यात मोरगावची माणसं येऊन गेली होती. पसंती कळवली होती. ती माणसं उद्याच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणार होती. भिंतीवर आबांचे वडील, म्हातारा सोनबा, खांद्यावर घोंगडं टाकून फोटोतून बघत होता. शाळेला नावही त्याचंच होतं.

"काय ल्हिवलंय त्यात?" बानूबाईनं विचारलं.

"तुला काय करायचंय आई? शाळेचा इतिहास हाय, चार पानं."

"मला वाचाय येत न्हाय म्हनूनच इचारतीया. वाचा सर."

सरांनी चष्मा लावला. "'सन १९७२ च्या दुष्काळात आमचे संस्थापक माननीय कुंडलिकराव कोळपे हे भिगवण स्टेशनवर गाडीची वाट पाहत असता त्यांना फाटका सदरा घातलेला, थंडीने कुडकुडणारा एक अनाथ मूकबधिर बालक दिसला. त्यास स्वतःचे नावही सांगता येईना. ते पाहून त्यांच्या हृदयाला पाझर फुटला आणि त्याच क्षणी...'"

"ऱ्हाऊ द्या," बानूबाई म्हणाली.

हे पोरगं तिच्या ओळखीचं होतं. तेवीस वर्षं ती त्याला स्टेजवरून ऐकत होती. पहिल्या वर्षी त्याच्या अंगात नुसता सदरा होता. दुसऱ्या वर्षी तो फाटला. पाचव्या वर्षी पोराला थंडी वाजायला लागली, दहाव्या वर्षी आबांनी त्याला आपलं उपरणं पांघरलं, आणि कलेक्टरसाहेब आले होते त्या वर्षी तर पोरानं आबांचे पाय धरले. माणसं डोळे पुसायची, टाळ्या वाजवायची. बानूबाई बायकांच्या रांगेत बसून बघायची. टाळ्या तिनंही वाजवल्या होत्या. तेच तिला आता डाचत होतं.

कारण भिगवण स्टेशनावर कुणी पोरगं नव्हतं. बहात्तर साली निरवांगीच्या माळावर गवताची काडी उरली नाही, सोनबानं मेंढरं फुकापासरी विकली आणि घर इंदापुरात आलं, तेव्हा या घरात नऊ वर्षांची एक पोर होती. सारजा. पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही. सोनबा तिला मेंढरामागं घेऊन हिंडला होता, आणि दोन माळांवरचे धनगर एकमेकांशी बोलतात त्या हातांनी तिच्याशी बोलला होता. पाणी कुठं, लांडगा कुठं, कुठली मेंढी लंगडती, आता तळावर चल: सगळं हातानं. ती पोर कानानं बहिरी आहे हे घराला उशिरा कळलं, कारण सोनबाच्या संगतीत तिचं काही अडतच नव्हतं. तिच्यासाठी आबांनी पत्र्याच्या छपरात बहिऱ्या पोरांचा वर्ग काढला. तेव्हा त्यांच्या मनात खोट नव्हती, हे बानूबाई कुठंही शपथेवर सांगेल.

जात्यावर बसली की तिच्या तोंडात आपोआप यायचं:

लेक माझी गं सारजा, दहा बोटांनी बोलती
तिच्या बोलाची सावली, माझ्या भिंतीवं डोलती

मग पंच्याहत्तर साल आलं. कौसल्याला बघायला बारामतीकडचं बडं स्थळ आलं. पाणी घेऊन आलेल्या सारजाकडं बघून पाहुण्यांनी विचारलं, ही कोण? आणि आबा म्हणाले, "शाळंतली पोर हाय. हितंच ऱ्हाती." बानूबाई दाराआड चहाची किटली धरून उभी होती. तिनं किटली खाली ठेवली नाही, तोंड उघडलं नाही. लग्नात सारजा मांडवभर तांब्या घेऊन फिरली आणि लोकांनी तिला "ए मुके" म्हणून हात केले. लग्न पार पडलं. एका वाक्याचं काम झालं होतं. ते तिथंच मरायला हवं होतं. ते मेलं नाही. वाढलं, लग्नाला आलं, त्याला पोरं झाली, आणि आज ते छापखान्यात निघालं होतं.

"सर, तुमी काय ल्हिवलं हुतं?" बानूबाईनं विचारलं.

"मी रजिस्टर बघून लिहिलं होतं, बाई." सरांनी कपाटातून लांबडं, कापडी पाठीचं जनरल रजिस्टर काढलं. "नंबर एक. सारजा कुंडलिक कोळपे. दाखल तारीख अकरा जून त्र्याहत्तर. हे माझं अक्षर. पत्र्याच्या छपरात फळा नव्हता, खडू नव्हता, तेव्हा मी आधी हे रजिस्टर आणलं. माझ्या बापानं जन्म दुसऱ्याच्या रानात राबून काढला, त्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. मी ठरवलं होतं, माझ्या हाताखालून जाणारं पोर आधी वहीत येईल, मग वर्गात. आणि यांनी विद्यार्थ्यांची यादी नंबर दोनपासून सुरू केली आहे."

"शाळंच्या रजिस्टराला कोन हात लावतंय?" जोतीराम म्हणाला. "ते कपाटात हाय तसं ऱ्हाऊ द्या. मी फकस्त छापायचं बदललंय. आन् सर, तुमचं हे घरचं मानूस नसल्यावानी बोलनं..."

"मी घरचा नाहीच, जोतीराव. म्हणून तर मला दिसतंय."

कौसल्या सावरून बसली. "सर, तुमास्नी बोलाय सोपं हाय. माझ्या सासरी तेवीस वर्षं ठावं न्हाय. माझ्या नवऱ्यालाबी न्हाय. उद्या ते हितं येणार, पुस्तक उघडणार, आन् मला इचारणार, तुला भन हाय? मी काय सांगू? इसारले हुते?"

"व्हय, तसंच सांग," बानूबाई म्हणाली. "खरंच हाय ते."

"आई!"

"आक्काचं सोड," जोतीराम म्हणाला. "हिचं बघ." त्यानं छकुलीकडं बोट केलं. "मोरगावची मानसं सरळ हायती, पर त्येंनी इचारलंय. घरान्यात काय व्यंग हाय का, आंधळं-बहिरं? मी न्हाय म्हनलोय. आता पुस्तकात आलं की संस्थापकाचीच लेक बहिरी, तर उठून जातील. उद्या सकाळी सारजाला निरवांगीला रानात पाठवायचं, दोन दिसांनी आनायचं. एवढंच. कुनाचं काय नुकसान हाय त्यात?"

"तिचं," सर म्हणाले.

"तिला काय कळतंय त्यातलं?"

बानूबाईला वाटलं, हा माझ्या पोटचा. सारजा दोन वर्षांची असताना याच्याच कडेवर वाढली. याच्या गळ्यात हात घालून झोपायची. आणि आज तो म्हणतोय, तिला काय कळतंय.

"छकुले," ती म्हणाली, "तुला काय वाटतंय?"

छकुलीच्या डोळ्यांत पाणी भरलेलंच होतं. "मला आत्या आवडते, आजी. पण मला ते स्थळही आवडलंय. मी खोटं कशाला बोलू? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुझ्या आत्यालाबी एकाच दिसासाठी शाळंतली पोर केली हुती बाळा. चहा पिऊन पावनं जाईस्तवर."

"आबा, तुमी तरी बोला," कौसल्या म्हणाली.

आबांनी डोळे उघडले. "संस्था हाय ही. तीनशे पोरं शिकून गेली. कुनी आयटीआयला हाय, कुनी प्रेसमधी. एका नावानं काय बिघाडतंय? लोकांपुढं कायतरी ठेवावं लागतं ज्यानं मन हलंल. आपल्याच लेकीसाठी शाळा काढली म्हनलं तर लोक म्हनतात, सोताची सोय केली."

"मग लेक नको म्हनून स्टेशनावर पोरगं जन्माला घातलं व्हय?" बानूबाई कडाडली. "मी नऊ महिनं पोटात वागवली तिला. तुमी ते पोरगं तेवीस वर्षं तोंडात वागवलं. आन् माझ्यापरास तुमालाच जास्ती टाळ्या!"

कौसल्याला हसू फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं. जोतीरामनं तिच्याकडं रागानं बघितलं. कौसल्या तिथंच जरा आपल्या बाजूला सरकली, हे बानूबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

तेवढ्यात ओसरीवर पावलं वाजली. सारजा चहाचं ताट घेऊन येत होती. कपाळाला पीठ, साडीचा पदर खोचलेला, पस्तीस वर्षांची ठणठणीत बाई. वसतिगृहाच्या सव्वाशे पोरांचं दोन वेळचं रांधणारी. ती दारात दिसली आणि सगळ्यांनी आवाज खाली केले. कौसल्या कुजबुजली, "आली, आली, गप ऱ्हावा." जोतीराम खाकरून छताकडं बघायला लागला. आबांनी डोळे मिटले.

बानूबाई हे आयुष्यभर बघत आली होती. या घरानं कायम बहिऱ्या लेकीपुढं आवाज खाली केला होता. आणि आज सगळ्यांनी श्वाससुद्धा दाबून धरला असताना टेबलावर प्रूफाची चारही पानं सताड उघडी पडली होती. ती झाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सारजाला वाचता येतं, ही गोष्ट या शाळेच्या चालकांना आठवली नाही.

ताट ठेवायला जागा करावी म्हणून सारजानं पानं उचलली. वरच्या ओळीवर शाळेचं नाव दिसलं तशी हसली. ताट बाजूला ठेवलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली, सरांनी शिकवलं होतं तशी.

"घ्या तिच्या हातातनं," जोतीराम पुटपुटला. कुणी उठलं नाही.

सारजाचं बोट भिगवण स्टेशनवर आलं. फाटक्या सदऱ्यावर थांबलं. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं मान वर करून सरांकडं बघितलं आणि हातानं विचारलं. बानूबाईला ते हात अक्षर न् अक्षर समजायचे. ती विचारत होती: हे पोर कोण? याच्या ताटाचा नंबर काय?

वसतिगृहाच्या प्रत्येक ताटाच्या कडेला रजिस्टरातला नंबर ठोकलेला होता. एक ते तीनशे बारा. सारजाला सगळी ताटं पाठ होती; कुठलं पोर वांगं खात नाही, कुणाला ताप असला की पेज लागते, कुणाच्या ताटाला पोचा आलाय. हे स्टेशनावरचं पोर तिच्या पंगतीत कधी बसलं नव्हतं. तिला त्याची काळजी लागली. तिनं पुन्हा विचारलं: त्याची आई सापडली का?

भानुदास सरांनी चष्मा काढला आणि खिडकीकडं तोंड केलं.

सारजानं पान उलटलं. यादी आली. नंबर दोन, तीन, चार. तिनं मागचं पान बघितलं, पुन्हा पुढचं. दोनच्या वर कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग शेवटचं पान. कर्मचारी वर्ग, सर्वांत खाली: स्वयंपाकीण, सारजा. पुढं बापाचं नाव नाही, आडनाव नाही. तिथंही तिनं बोट ठेवलं. एक हात यादीवर, एक हात चुलीवरच्या सारजावर, असं तिनं आबांकडं बघितलं.

आबा ओठ मोठे करून, एकेक अक्षर सुटं करून बोलले, "सा-र-जा. नं-तर. सां-ग-तो."

हेच बोलणं त्यांनी पुण्याच्या शिबिरातून आणलं होतं. हात बोलले की तोंड आळसावतं, असं म्हणून या शाळेत पोरांना हात मांडीखाली घेऊन बसवलं गेलं. वर्गात सोनबाचे हात बंद झाले. उरले ते फक्त सारजाच्या पंगतीत. तिथं ताटावर बसलं की सव्वाशे पोरं मोकळी बोलायची, आणि त्यांच्या त्या बोलण्यात माळावरचं पाणी होतं, मेंढी होती, लांडगा होता. इतिहासाच्या चार पानांत याची एक ओळ नव्हती.

"तोंडानं नगं!" ती ओरडली. "हातानं बोला. बापाचं हात हायती तुमच्याजवळ. सा वर्सांचं असताना मेंढरामागं तुमी असंच बोलत हुता, मी सासूच्या तोंडनं ऐकलंय. सांगा तिला, कोन ते पोरगं. हातानं खोटं बोलता येतंय का बघा!"

"बानू, आवाज..."

"कुनापुढं खाली करू आवाज? हिच्यापुढं?"

आबांचे हात खुर्चीच्या हातांवर होते. आबा खुर्चीतून उठले. त्यांनी दोन्ही हात वर धरले आणि ते तसेच राहिले, जणू काय करायचं ते विसरले. मग उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी कानाची पाळी धरली आणि मूठ छातीवर आणून ठेवली. दोन कळप मिसळले की धनगर दुरून ही खूण करतो. कानाला कापलेली खूण माझी. ही मेंढी माझी.

कौसल्याच्या तोंडून हुंदका निघाला. बानूबाईनं सारजाकडं बघितलं. तिला वाटलं, आता ही बापाच्या गळ्यात पडेल.

सारजा पडली नाही. तिनं ती खूण नीट बघितली, समजली म्हणून मान हलवली. मग सरांच्या खिशातलं लाल पेन काढलं, टोपण काढून आबांच्या त्याच हातात दिलं, आणि दोनच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट आपटलं. एकदा. दोनदा.

"लिहा, आबा," सर म्हणाले. "साडेतीन झालेत."

आबांनी जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं मान फिरवली. मग त्यांनी लिहिलं. वेळ लागला. लिहून झाल्यावर पेन ठेवायला लागले तशी बानूबाई म्हणाली, "वाचा. मला येत न्हाय."

"एक. सारजा कुंडलिक कोळपे." आबांनी वाचलं. "संस्थापकांची धाकटी मुलगी."

"आन् ते पोरगं?"

आबांनी भिगवण स्टेशनवर आडवी रेघ मारली. एका रेघेनं भागलं नाही. तेवीस वर्षांत ते पोरगं सहा ओळींचं झालं होतं.

छकुली ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. "झालं. गेले मोरगावचे." कौसल्यानं तिला जवळ घेतलं, पण या वेळी ती जोतीरामकडं बघून काही बोलली नाही. "रडू नको. माझ्या घरी आज संध्याकाळी मीच सांगती," एवढंच म्हणाली, आणि ते सांगताना तिचा चेहरा पांढरा पडला होता.

सारजाला छकुलीचं रडणं दिसलं. या घरात कुणी रडलं की आधी तिलाच दिसायचं. ती घाईनं तिच्यापुढं उकिडवी बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वळून सगळ्यांना विचारलं: ही का रडती?

हे सांगणं आपलं नाही, हे सरांना कळत होतं. मग बानूबाई खाली जमिनीवर बसली आणि तिनं हातांनी सांगितलं. सगळं सांगितलं. मोरगावची माणसं, त्यांचा प्रश्न, जोतीरामचं उत्तर. उद्या सकाळी निरवांगीला धाडायचा बेत. आणि मग, थांबून, पंच्याहत्तर सालही सांगितलं. त्या दिवशी पाहुणे तुझ्याकडं बघून काय म्हणाले, तुझा बाप काय म्हणाला, आणि दाराआड किटली घेऊन मी उभी होते, मी गप्प राहिले. ते सांगताना तिचे हात दोनदा चुकले आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

सारजा बघत राहिली. आईचे हात थांबले तरी बघत राहिली. मग उठली. तिनं छकुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी वेणी घालताना फिरवायची तसा. आणि भावासमोर येऊन उभी राहिली. ती इतकी भरभर बोलायला लागली की तिच्या बांगड्या मनगटावर एकमेकींवर आपटू लागल्या. जोतीराम भिंतीला टेकला. त्याला ते हात वाचता येत नव्हते. पंचवीस वर्षं शाळा चालवणाऱ्या घरातला तो सेक्रेटरी होता, आणि त्यानं आईकडं बघितलं.

"काय म्हनतीय ती?"

बानूबाई जमिनीवरूनच बोलली. गळा तिचा होता, राग लेकीचा होता, आणि कुठला कुणाचा हे तिला आता निवडता येत नव्हतं.

"ती म्हनतीया, छकुली माझीबी लेक हाय. तिच्यासाठी दोन दीस न्हाय, दोन वर्सं रानात जाऊन बसले असते. आपल्या पायानं गेले असते." बानूबाईनं श्वास घेतला. "फकस्त मला इचारायचं हुतं. तुमी इचारलं न्हाय. आता मी जायची न्हाय."